बेस घुमतो, पण ऐकू येत नाही: कॅबिनेट बदलण्याआधी आणि बदलताना

बेस गिटार वाजवणाऱ्यांची ही तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. घरी एकट्याने वाजवताना आवाज भरदार लागतो. तालमीला ड्रम्स, कीबोर्ड आणि दोन गिटार सुरू झाल्या की तोच बेस गायब. मग नॉब वाढवायचा, की खोली घुमायला लागते, गायक वैतागून मागे बघतो, आणि तरीही कुठला स्वर वाजतोय ते कोणालाच कळत नाही. यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "दहा इंची आहे ना? पंधरा इंची घे." माणूस पंधरा इंची घेऊन येतो. घुमणं वाढतं, तक्रार तिथेच राहते.

स्पीकरचे इंच हा कॅब, म्हणजे स्पीकर बसवलेला खोका (कॅबिनेट), निवडण्याचा सगळ्यात फसवा निकष आहे; त्यावर पुढे सविस्तर येतो. पण आवाज नेमका कुठे बिघडतोय ते आधी शोधायला हवं. बऱ्याचदा बिघाड खोक्यात नसतोच, खोलीत असतो, अ‍ॅम्पच्या नॉबवर असतो किंवा दोन वायरींत असतो. तेव्हा पैसे काढण्याआधी एक तालीम तपासणीला द्या.

आधी कॅबवरचा आरोप सिद्ध करा

अ‍ॅम्पवरचे बेस, मिड, ट्रेबल (खर्ज, मधले आणि वरचे स्वर) हे नॉब मध्यावर आणा. पेडल, कंप्रेसर काढून टाका आणि बेस थेट लावा. आता मोकळ्या ई तारेपासून जी तारेच्या बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने वाजवा. कुठले स्वर उसळतात आणि कुठले बसतात ते कागदावर टिपा. मग कॅब दीड-दोन मीटर सरकवून पुन्हा तेच करा. उसळणारे स्वर बदलले तर दोष खोलीचा. वेगळ्या खोलीत नेऊनही तोच स्वर बसलेला राहिला, तर बेस किंवा कॅब यांपैकी कोणीतरी जबाबदार आहे. त्या दोघांना वेगळं करायला बेस हेडफोनवर ऐका.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझत असेल तर कॅबला दोष देऊ नका. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या, स्क्रूने मान जोडलेल्या बेसवर हे सर्रास आढळतं. त्या कंपनाला मान स्वतःच डोलते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या टोकाला, छोटा वजनदार क्लॅम्प लावला तर तो मेलेला स्वर थोडा सरकतो, एवढाच त्यावर इलाज. तारा जुन्या झाल्या असतील तर मधले आणि वरचे हार्मॉनिक्स (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे उपस्वर) गेलेले असतात. अशा बेसला कुठलाही महागडा खोका टवटवीत करू शकत नाही. आणि सततची गुणगुण किंवा हिस ऐकू येत असेल तर ती कॅबची नव्हे. साध्या कॅबला स्वतःची वीज नसते. वरून जे येतं तेच तो ऐकवतो. अर्थिंग, पिकअप आणि अ‍ॅम्प तिकडे बघा. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) असलेल्या कॅबवर हिस जास्त जाणवते, तिथे मागचा ट्वीटरचा नॉब कमी केला की काम होतं.

घुमण्याचं गणित

आपल्याकडची नेहमीची खोली घ्या: दहा बाय बारा फूट, साडेनऊ फुटांवर स्लॅब, खाली टाइल्स, चारी बाजूंनी प्लास्टर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ज्या लहरीची अर्धी लांबी खोलीच्या लांबीएवढी असते, ती लहर त्या दोन भिंतींमध्ये उभी राहते आणि फुगते. बारा फुटांसाठी हे ४७ हर्ट्झला होतं, म्हणजे ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प. दहा फुटांसाठी ५६ हर्ट्झला, म्हणजे जवळपास मोकळी ए तार, जी ५५ वर आहे. साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ५९ हर्ट्झला, म्हणजे त्याच्याच शेजारचा बी फ्लॅट. वरच्या सप्तकात याच आकड्यांची दुप्पट, ९४, ११२, ११८, आणि पुन्हा तेच स्वर. म्हणून "माझ्या कॅबची ए तार घुमते" असं सांगणाऱ्याच्या खोलीची मापं विचारली की उत्तर बहुतेक तिथेच मिळतं.

सिमेंट आणि टाइल्स खर्ज शोषत नाहीत. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची जॅमपॅडवाल्यांची (तालमीच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांची) आवड मला आजवर समजलेली नाही; त्यांनी झांजांची किणकिण थोडी कमी होत असेल, पण ५५ हर्ट्झच्या सहा मीटर लांब लहरीला त्या पुठ्ठ्याचा पत्ताही लागत नाही. उपयोगी पडतं ते असं: कॅब कोपऱ्यात ठेवू नका, कारण कोपऱ्यातून खोलीच्या सगळ्याच लहरी एकदम जाग्या होतात. स्वतः खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा भिंतीला टेकून उभे राहू नका. आणि अ‍ॅम्पला किंवा पेडलला पॅरामेट्रिक ईक्यू (हवी ती कंपनसंख्या निवडून कमी-जास्त करण्याची सोय) असेल तर फुगणारी कंपनसंख्या शोधून तेवढ्याच अरुंद पट्ट्यात चार-सहा डेसिबल काढा. बेसचा अख्खा नॉब खाली आणला तर न घुमणारे स्वरही पातळ होतात.

उलटा प्रकारही आहे: काही स्वर गायबच. कॅबच्या मागची भिंत तपासा. स्पीकरच्या कोनपासून (पुढच्या हलणाऱ्या पडद्यापासून) भिंत एक मीटरवर असेल, तर मागे जाऊन परत येणारा आवाज दोन मीटर जास्त चालून येतो आणि ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापतो. हा आकडा डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या एफच्या अगदी शेजारी येतो, म्हणजे ऐन रोजच्या वापरातला टापू. कॅब मागे भिंतीला नेऊन लावला, आणि खोक्याचं पुढून मागे माप ४० सेंटिमीटर असलं, तर हा खड्डा २१५ हर्ट्झच्या पलीकडे सरकतो आणि तितका खोलही राहत नाही. भिंतीजवळ खर्ज वाढेल, तो अ‍ॅम्पवर कमी करा. अ‍ॅम्पचीही दमछाक कमी होते. पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्यासाठी खोक्याला ठेवलेलं भोक) मागच्या बाजूला असेल तर मात्र वीतभर जागा सोडा.

मांडवातल्या फळ्यांच्या स्टेजवर वेगळाच त्रास. खालची पोकळी कॅबबरोबर थरथरते आणि एक बोजड गूं सुरू होतो. कॅब खाली न ठेवता मजबूत खुर्चीवर किंवा जाड, घट्ट फोमवर ठेवला की त्यातला बराच भाग जातो. बरं, उंचावर ठेवण्याचा दुसरा फायदा याहून मोठा आहे.

बँडमध्ये हरवणं

बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर असते. पण आपल्याला जो ई ऐकू येतो तो मुख्यतः ८२, १२३, १६५ आणि त्यापुढच्या हार्मॉनिक्समधून. मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो त्यांच्यावरून ताडतो. बँडमध्ये ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात आधीच गर्दी असते: बास ड्रम, ढोलकाची धूम, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांत तर कीबोर्डवाल्याचा डावा हात. त्या गर्दीत आणखी खर्ज ओतून कोणी वर येत नाही. बेस ओळखू येतो तो २०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि नेमका तोच पट्टा घरी बसून आपण काढून टाकलेला असतो, कारण एकट्याने वाजवताना तो नाकातला वाटतो.

यामागे कानाची घडणही आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. ४० हर्ट्झचा स्वर निव्वळ जाणवायला सुमारे ५० डेसिबल लागतात. शेजाऱ्यांना सांभाळून वाजवताना बेसचा नॉब वर जातो तो म्हणून. तीच सेटिंग तालमीच्या आवाजात नेली की खर्जाचा नुसता चिखल होतो. घरची आणि स्टेजची सेटिंग वेगळी ठेवा. स्टेजवर बेस थोडा खाली, ४०० ते ८०० च्या दरम्यानचं मिड दोन-चार डेसिबल वर, अशी सुरुवात करून बघा. एकट्याने ऐकताना कर्कश वाटेल. कॅब त्यावरून ठरवू नका. बँड सुरू असताना ऐका.

आता उंचीचा मुद्दा. खर्ज सगळीकडे पसरतो, मिड मात्र कोनच्या सरळ रेषेत जास्त जातं. जमिनीवर ठेवलेला बुटका कॅब तुमच्या पोटऱ्यांना छान मिड ऐकवतो. तुम्ही त्याच्यापासून दीड मीटरवर उभे, तुमच्यापर्यंत पोचते ती फक्त गूंज, म्हणून तुम्ही आवाज वाढवता, आणि समोर दहा मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानात तो सगळा आवाज भाल्यासारखा घुसतो. कॅब कमरेपर्यंत उचला, किंवा मागे कलता ठेवा. अनेकांची तक्रार इथेच संपते, आणि यासाठी लागते ती फक्त एक खुर्ची.

कोन जितका मोठा तितका हा झोत खालच्या स्वरापासूनच अरुंद होतो: पंधरा इंचीचा साधारण १००० हर्ट्झच्या वर, दहा इंचीचा १६०० च्या आसपास. दोन दहा इंची शेजारी शेजारी असलेला आडवा कॅब बाजूला उभ्या असलेल्या ड्रमरला धड ऐकू येत नाही. तोच खोका उभा केला की आवाज आडवा नीट पसरतो. कंपनीचा लोगो आडवा दिसेल, दिसू दे.

फाटणं, फरफरणं, खरखरणं

एकाच मोठेपणाचा आवाज एक सप्तक खाली न्यायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. ८२ वर आरामात वाजणारा स्पीकर ४१ वर हद्दीबाहेर का जातो, ते इथे कळतं. त्यात कॅब पोर्टवाला असेल तर आणखी एक गोष्ट: पोर्ट ज्या कंपनसंख्येला ट्यून केलेला असतो तिथे हवा कोनला धरून ठेवते, पण त्याच्या खाली गेलं की पकड सुटते आणि कोन सैरभैर हलतो. हाताची थाप, तार दाबल्याचा धक्का, पेडलमधला ऑक्टेव्हर (स्वर एक सप्तक खाली नेणारा), हे सगळं त्या खालच्या पट्ट्यात बसतं. ऐकू काही येत नाही, पण कोन तिथे आपली सगळी हालचाल खर्च करून बसतो आणि ऐकू येणारे स्वर फाटतात.

इलाज म्हणजे हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येच्या खालचं सगळं अडवणारा, ३५ ते ४० हर्ट्झवर. काही नव्या अ‍ॅम्पमध्ये तो आतच असतो, नसेल तर पेडल मिळतं. आवाजातलं काही गेल्यासारखं वाटत नाही, उलट कॅब अचानक मोठा झाल्यासारखा वाटतो. पाच तारी बेसवर, जिथे बी तार ३१ हर्ट्झवर आहे, तिथेही मी ३० च्या आसपास तो लावून ठेवतो. एखादं उपकरण बेसवाल्यांनी कॅबच्या आधी विकत घ्यावं, तर ते हे.

फिल्टर लावूनही ठरावीक स्वरावरच फर्र होत असेल तर मोबाइलवर टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, हळू आवाजात ३० पासून २५० हर्ट्झपर्यंत सरकवत न्या, आणि जिथे खडखड सुरू होते तिथे थांबून हाताने एकेक भाग दाबून बघा: जाळी, हँडल, कोपऱ्यांचे धातूचे तुकडे, जॅकची पट्टी, स्पीकरचे स्क्रू. बंद खोक्यात एखाद्या फटीतून हवा निसटत असेल तर शिट्टीसारखा सुस्कारा येतो. हे सगळं ठीक निघालं तर अ‍ॅम्प बंद करून दोन्ही तळव्यांनी कोन सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. घासल्यासारखं जाणवलं तर व्हॉइस कॉईल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) सरकली किंवा जळली आहे. त्या स्पीकरचं री-कोन (कोन आणि कॉईल बदलणं) करून घ्यावं लागेल. मुंबई आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात पार्टिकल बोर्डचे आणि एमडीएफचे खोके तळाशी फुगतात आणि जोड सुटतात, तेही खडखडीचं एक नेहमीचं कारण.

गिटारच्या चार बाय बारा (बारा इंची चार स्पीकरच्या) कॅबवर बेस वाजवणाऱ्यांना एकच सांगणं: हळू आवाजात ठीक, बँडबरोबर नको. गिटारच्या स्पीकरचा कोन फार कमी हलण्यासाठीच बनवलेला असतो.

अचानक आवाज पडला तर

आवाज एका दिवसात अर्धा झाल्यासारखा वाटतोय? चार बाय दहा कॅब असेल तर प्रत्येक कोनला कान लावून ऐका, अर्थात अगदी हळू आवाजात. यांतले बरेच कॅब दोन-दोन स्पीकर मालिकेत आणि त्या दोन जोड्या समांतर असे जोडलेले असतात. एक स्पीकर तुटला की त्याचा जोडीदार धडधाकट असूनही मुका होतो, आणि ८ ओहमचा कॅब १६ चा होऊन बसतो. चारपैकी दोन बंद दिसले तर दोन्ही बदलायला धावू नका; वायर काढून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. आकडाच आला नाही तर तो गेलेला.

दोन कॅब एकत्र लावल्यावर खर्ज नाहीसा होत असेल, तर एकाची वायर उलटी आहे. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि दोघं मिळून हवा इकडची तिकडे करतात. नऊ व्होल्टची बॅटरी कॅबच्या वायरीला क्षणभर टेकवा आणि कोन कुठे हलतो ते बघा. दोन्ही कॅब एकाच दिशेला हलले की झालं. बाहेरच हलायला हवेत असं नाही. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत धन टोक लावल्यावर कोन आत जातो, तो बिघाड नव्हे.

अ‍ॅम्प आणि कॅब यांच्यामध्ये गिटारची वायर लावलेली अजूनही दिसते. बाहेरून दोन्ही सारख्याच, पण गिटारच्या वायरीतली तार केसाएवढी असते. ती तापते, ताकद खाते, आणि वितळून शॉर्ट झाली तर अ‍ॅम्प घेऊन जाते. शक्यतो स्पीकॉन, म्हणजे खास स्पीकरसाठीचा जोड, वापरा. आणि ट्यूब अ‍ॅम्प कॅब न जोडता कधीही सुरू करू नका.

एवढं करूनही कॅबच बदलायचा असेल तर

पंधरा इंची म्हणजे जास्त खर्ज, ही समजूत निराधार म्हणता येणार नाही. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ चा, आणि त्यासाठीचा बासमन अ‍ॅम्प १९५२ चा, एका पंधरा इंची स्पीकरचा. अँपेग कंपनीचा बी-१५ अ‍ॅम्प आला १९६० मध्ये, तोही पंधरा इंची. त्या काळच्या पंचवीस-तीस वॅटच्या अ‍ॅम्पला ते शोभत होतं. मग १९६९ साली अँपेगने ३०० वॅटचा एसव्हीटी काढला आणि त्याच्याबरोबर आले दहा इंची स्पीकर, बंद खोक्यांत भरलेले. त्याच घराण्यातल्या आठ बाय दहा एसव्हीटी-८१०ई या कॅबचे छापील आकडे बघा: ५८ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने पडलेला, ४० ला १० डेसिबलने. म्हणजे मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर यातून जेमतेमच बाहेर येतो. तरीही हा आवाज रॉक संगीतात भरदार बेसचं दुसरं नाव होऊन बसला, कारण ८० च्या वर आणि मिडमध्ये तो डोंगरासारखा उभा राहतो. दुसऱ्या टोकाला फिल जोन्स यांचे पाच-पाच इंची स्पीकरचे कॅब आहेत, आणि तेही व्यवस्थित खर्ज देतात.

खर्ज किती खाली जाणार ते ठरतं स्पीकरची जडणघडण आणि खोक्यातली हवा यांच्या जोडीवर. हे गणित नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं. खरेदीसाठी त्यातला एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे, हॉफमन यांचा: लहान खोका, खोल खर्ज, आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. हलका, छोटा कॅब ३५ हर्ट्झपर्यंत जातो असं जाहिरातीत असेल तर तो कमी वाजणार, त्याला वॅट जास्त लागणार. वाईट नाही, फक्त माहीत हवं.

म्हणून माहितीपत्रकात हे वाचा. खर्जाच्या आकड्यापुढे -३ की -१० डेसिबल ते लिहिलंय का? नुसतं "३५ हर्ट्झ ते १८ किलोहर्ट्झ" याला अर्थ नाही. मग संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. ९७ च्या कॅबला १०० च्या कॅबएवढं वाजायला दुप्पट वॅट लागतात. कॅबवर छापलेले वॅट मी शेवटी बघतो. तो स्पीकर किती उष्णता सहन करतो एवढंच ते सांगतात, आणि बेसचा स्पीकर जळण्याआधी बहुतेक वेळा हालचालीच्या हद्दीबाहेर गेलेला असतो.

ओहमचं नीट समजून घ्या. ४ ओहमला ५०० वॅट देणारा अ‍ॅम्प ८ ओहमला साधारण २५० ते ३०० देतो. ऐकताना हा फरक जास्तीत जास्त तीन डेसिबल, म्हणजे जेमतेम लक्षात येईल एवढा. उलट ८ ओहमचा दुसरा, तसाच कॅब जोडला तर अ‍ॅम्पची ताकदही वाढते आणि हलणारी हवाही दुप्पट होते. खर्जात सहा डेसिबलच्या आसपास फायदा. हा फरक खोलीभर जाणवतो. त्यामुळे चार बाय दहाच्या खाली पंधरा इंची ठेवण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. दोन्ही ८ ओहमचे असले तर अर्धी ताकद एकट्या पंधरा इंचीला आणि उरलेली अर्धी चार दहा इंचींत वाटून जाते. पंधरा इंची आधी धापा टाकतो, आणि दोघांच्या आवाजाची सांगड मधल्या पट्ट्यात बसत नाही. एकसारखे दोन छोटे कॅब एकावर एक उभे ठेवा. वरचा आपोआप कानाजवळ येतो, आणि छोट्या कार्यक्रमाला एकच घेऊन जाता येतं.

वजनाला हसू नका. ते आठ बाय दहा जवळपास ६३ किलोचं धूड आहे; लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते एकदाच चढतं. नियोडिमियम चुंबकाचे स्पीकर फेराइटच्या बरेच हलके असतात आणि आवाजात त्यामुळे काही कमी होत नाही. रिक्षात मागच्या सीटवर बसेल असा एक बाय बारा किंवा उभा दोन बाय दहा, जोडीला दुसरा घ्यायची सोय, बहुतेकांना एवढं पुरेसं आहे. बालगंधर्वसारख्या नाट्यगृहात किंवा मैदानावर प्रेक्षकांना तुमचा कॅब ऐकूच येत नाही. डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) निघालेला बेस पीएवर, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांवर, जातो. तिथे कॅबचं काम एवढंच, की तुम्हाला आणि ड्रमरला स्वर कळावा.

सुताराकडून खोका करून घेणारे अजून आहेत, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्पीकर आणून ते केलं तर पैसे वाचतातही. पण मापं आधी ठरवून स्पीकर मागाहून निवडू नका. डग्ग्याची पुडी आधी मढवून भांडं नंतर शोधण्यासारखं आहे ते. स्पीकरच्या कागदावरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे तीन आकडे घ्या, विनआयएसडी या मोफत प्रोग्रॅममध्ये टाका, आणि त्याने दिलेल्या लिटरमध्ये खोका बांधा. क्यूटीएस ०.३ ते ०.४ असेल तर पोर्टवाला खोका, ०.५ च्या वर असेल तर बंद खोका, हा ढोबळ अंदाज चालतो. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय, आत आडव्या टेकणपट्ट्या, आणि सगळे जोड हवाबंद. हे आकडेच न देणाऱ्या स्पीकरसाठी खोका बांधणं म्हणजे लॉटरी.

जुना पोर्टवाला कॅब घेताना त्याचं ट्यूनिंग असं शोधा: टोन जनरेटर ८० हर्ट्झवरून हळूहळू खाली आणा आणि कोनकडे बघत राहा. एका जागी कोन जवळपास थांबतो आणि पोर्टमधून वारा सुटतो, तेच ट्यूनिंग. ४० ते ५० च्या दरम्यान निघालं तर चार तारी बेसला उत्तम. ६० च्या वर निघालं तर तो खोका पीएचा असण्याची शक्यता जास्त, आणि ई तारेवर तो फरफरणार.

दुकानात जाताना स्वतःचा बेस घेऊन जा. ईक्यू मध्यावर ठेवा, तीन मीटर मागे उभे राहा, मोठ्याने वाजवा, आणि डावी-उजवीकडे चालत ऐका. बाजूला गेल्यावर स्वर धूसर होणारा कॅब स्टेजवरही तसाच वागणार. दुकानदार बाकीचे अ‍ॅम्प बंद करायला तयार असेल तर उलट त्याला एखादी गिटार वाजवायला सांगा आणि तिच्या आडून आपला बेस शोधा. शेवटी मागची पट्टी वाचा. ८ ओहमचा घेतलात तर पुढे दुसरा जोडता येईल. ४ चा घेतलात तर बहुतेक अ‍ॅम्पवर तो एकटाच वाजणार.